फळवाटीचं कोरडं बूड

३ नोव्हेंबर

धाकटे,

ओळखलंस का? नसशील. कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा हुडकणारी बाई तू. गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारायला जाणारी. पाच वर्षांत थोरल्या जावेचं तोंड विसरली असशील तर त्यात नवल काय? म्हणून खूण सांगते. डाव्या गालावर तीळ, उजव्या कानाने कमी ऐकू येतं आणि तुझ्यापेक्षा चार बोटं उंच.

(आजी दोनच बोटं उंच आहे. जुन्या फोटोत मी मोजलंय. – मुंगी)

मला लिहिता येत नाही, हे तरी आठवत असेल. मी बोलते आणि माझी नात लिहिते. तेरा वर्षांची झाली मुंगी. अजून मुंगीच म्हणतो, पण आता वरच्या फळीवरचे डबे तिला हात लांबवूनच मिळतात आणि खुर्चीवर चढून डबे काढायची माझी मक्तेदारी गेली. लिहिताना जीभ बाहेर काढते. मी सांगते ते सगळं लिहिते की मधलं गाळते, ते देव जाणे.

वर्षअखेरची सुट्टी आली. सगळा गोतावळा या वर्षीही आपल्याकडेच जमणार आहे. मुंगीला फळवाट्या शिकायच्या आहेत. इंग्रजी पुस्तकात त्यांना 'पाय' म्हणतात म्हणून सांगत होती. मी म्हटलं, सासूबाईंनी ते नाव ऐकून 'कुणाचे?' असं विचारलं, तेव्हापासून आपल्या घरात फळवाट्याच. तिला तोंडी शिकवते आहे. मैद्यात गार लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळवा लावायचा नाही. बर्फाचं पाणी चमच्याने. पारी लाटून पेल्याने गोल कापायचे, साच्याच्या खाचांत बसवायचे, आत साखरेत शिजवलेलं सफरचंद नाहीतर आलुबुखार, वर पारीचंच झाकण. झाकणावर काट्याचे दोन टोचे म्हणजे सफरचंद, तीन म्हणजे आलुबुखार. माझं सगळं लिखाण एवढंच. आणि एका घासात गेली पाहिजे. दुसरा घास लागला तर ती वाटी नव्हे, वाडगा.

हे तुला कशाला सांगते? पंचवीस वर्षं एकाच ओट्यावर, एकमेकींना कोपर मारत केल्या आपण. तुझ्याकडे लाटणं, माझ्याकडे ओव्हन.

मुद्द्याचं बोलते. या वर्षी ये. दोन गाड्या बदलाव्या लागतात हे ठाऊक आहे, पण गुडघे माझे दुखतात, तुझे नव्हे. त्या दिवसाबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही, मी बघते. झालं ते झालं. गर्दीत कुणाच्या हातून काय होतं, ते कुणाला कळतं? माझ्या मनात काही नाही. तूही ठेवू नकोस.

तुझी,
थोरली

(धाकटी आजी, हे आजीने सांगितलेलं नाही. तिला वाचता येत नाही म्हणून मी गुपचूप लिहिते आहे. मी आठ वर्षांची असताना तुमच्या अक्रोडाच्या बिस्किटांमुळे मला श्वास घेता येईना आणि दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं, तेव्हा आई सगळ्यांसमोर तुम्हाला खूप बोलली. आई अजून रागावते, पण मी नाही. तुम्ही लाटणं धुवायला विसरला असाल. मीपण खूप गोष्टी विसरते. मी तुम्हाला माफ केलंय. नक्की या. – मुंगी)

२१ नोव्हेंबर

धाकटे,

अक्षर बघून दचकू नकोस. हे आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीवाल्याचं. जन्मभर केकवर नावं लिहिली त्याने, म्हणून प्रत्येक अक्षर फुगलेलं येतं आणि ओळीच्या शेवटी जागा संपते. कागदाला लोणी लागलं असेल तर तेही त्याचंच. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा आत पोत्यांशेजारी बसून लिहून घेते आहे. घरी सांगितलंय, पाव आणायला जाते.

तुझं उत्तर आलं. मुंगीने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं, सूनबाई समोर. दोनच ओळी. 'मुंगी बाळा, तुझी माफी पोचली. थोरल्या जाऊबाईंना विचार, त्यांना आणखी काही सांगायचं राहिलंय का.'

मी म्हटलं, कसली माफी? तेव्हा कळलं पोरीने काय लिहिलं होतं ते. धाकटे, माझ्या घशात घास अडकला. सूनबाईने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, 'आई, किती लावून घेता तुम्ही काकूंचं.' मी ते पाणी प्याले. तो हातही फिरवून घेतला.

राहिलंय सांगायचं. मुंगीच्या हाताने कसं सांगू? म्हणून हा फुगीर अक्षरवाला.

त्या दिवसाच्या आदल्या वर्षीचं तुला आठवतं का? नणंदेच्या यजमानांनी, आपल्या कॅशियरसाहेबांनी, मी भरलेली फळवाटी उचलून उलटी धरली आणि भर मंडळीत म्हणाले, 'वहिनींच्या वाटीचं बूड ओलं!' सगळे पोट धरून हसले. तूही हसलीस. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. मग त्यांनी तू भरलेली उचलली, टकटक वाजवून दाखवली. 'ही बघा, खणखणीत.' तेव्हाही मी हसले. पण ते हसू वर्षभर माझ्या दातांत अडकून राहिलं होतं. थोरली मी. ओव्हन माझा. आणि बूड तुझं कोरडं.

पुढच्या वर्षी मी इथे आले, या बेकरीत. विचारलं, बाबा रे, फळाचा रस पारीत उतरू नये म्हणून काय करतोस? तो म्हणाला, बदाम सोलून, वाळवून, बारीक वाटायचे. फळाच्या खाली चिमूटभर पसरायचे. रस बदाम पितो, पारी कोरडी राहते.

इथे याने पेन खाली ठेवलंय. मला विचारतो आहे, 'मावशी, मी तेव्हाच विचारलं होतं ना, घरात कुणाला बदाम वर्ज्य नाही ना म्हणून?' विचारलं होतंस. 'तुम्ही नाही म्हणालात.' म्हणाले होते. लिही, तेही लिही. थांबू नकोस, तुझा पाव जळेल.

मुंगीला बदाम, अक्रोड, काही चालत नाही हे मला माहीत नव्हतं का? घरातल्या मांजरालाही माहीत होतं. तू तुझी अक्रोडाची बिस्किटं वेगळ्या थाळीत, वेगळा कपडा झाकून, कपाटावर ठेवायचीस. मीही काही अगदीच राक्षसीण नव्हते. आठ वाट्या मी बिनबदामाच्या केल्या होत्या. मुंगीच्या. खिडकीत वेगळ्या ठेवल्या होत्या.

धाकटे, त्या आठांची बुडं ओली झाली. पहिली उचलली तर तळ साच्यातच राहिला. आणि बाहेर कॅशियरसाहेब आरामखुर्चीत, मुंगी त्यांच्या मांडीला खेटून. माझ्या डोळ्यांपुढे एकच. हे हिच्या ताटलीतली उचलणार, उलटी धरणार. मी मनाशी म्हटलं, चिमूटभर तर आहे. वाटलेला बदाम म्हणजे पीठच की. फार तर ओठांभोवती पुरळ येईल, वाढदिवसाला आलं होतं तसं. आणि कोरड्या वाट्यांतल्या पाच तिच्या ताटलीत ठेवल्या.

ओल्या आठ मी कोठीत दार लोटून, उभ्या उभ्या खाल्ल्या. पुरावा गिळला म्हण. तोंड पुसून बाहेर आले तेव्हा ती चौथी खात होती.

पुढचं तू पाहिलंस. तिचे ओठ, तिचा तो शिटीसारखा श्वास, खालच्या मजल्यावरची नर्स, अ‍ॅम्ब्युलन्स. आणि तिला नेल्यावर सगळ्यांच्या नजरा कपाटावरच्या थाळीकडे. सूनबाई मुलीबरोबर गेली होती. दुसऱ्या दिवशी परत आली ती तुझ्यावरच धावली. 'त्याच लाटण्याने लाटलंत ना? त्याच हातांनी?' तू म्हणालीस, 'लाटणं धुतलं होतं, हात धुतले होते. जाऊबाई, तुम्ही शेजारी होतात. तुम्ही सांगा.'

आणि मी म्हणाले, 'मला नाही आठवत. माझं लक्ष ओव्हनकडे होतं.'

लिही, बाबा. तसंच लिही. तेवढीच सात शब्दांची गोष्ट आहे, बाकी सगळा मसाला.

किती शब्द आहेत ते मला काय ठाऊक. बेकरीवाला म्हणतो, सात आहेत. मग नेमके सात.

महिन्याभरात तू गाठोडं बांधून लेकीच्या गावी गेलीस. मी जिन्यापर्यंत आले होते. तुला पिशवी जड आहे का म्हणून विचारलं. तू 'नाही' म्हणालीस. तेवढ्यावर पाच वर्षं निघाली.

उत्तर देणार असशील तर बेकरीच्या पत्त्यावर दे.

थोरली

४ डिसेंबर

धाकटे,

आज परत माझी कारकून बसली आहे समोर. हात धुऊन बस म्हटलं तर म्हणते, 'आजी, पत्र लिहायचंय, पीठ नाही मळायचं.' मी म्हटलं, आज मळणंच आहे.

तुझं पत्र बेकरीवाल्याने मला वाचून दाखवलं. मी दोनदा वाचायला लावलं. 'मोरीच्या जाळीतली बदामाची सालं त्याच दिवशी मीच काढली होती. तुम्ही बोलाल म्हणून मी गप्प राहिले, आणि मग गप्प राहायचीच सवय झाली. मला लिहू नका. मुलीला सांगा.'

(कसली सालं? आजी म्हणते, लिहीत राहा. – मुंगी)

म्हणजे तू जाणत होतीस. जिन्यावर मी पिशवी जड आहे का विचारलं, तेव्हाही जाणत होतीस. तू एक शब्द बोलली असतीस तर मी तिथल्या तिथे उघडी पडले असते. तू गप्प राहून मला आपणहून बोलायची पायरी दिलीस आणि मी ती उतरले नाही. मला वाटायचं, मी तुझ्यापासून लपवते आहे. तू माझा चेहरा मला दाखवत होतीस, आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

तर धाकटे, मी मुलीला सांगते आहे. वेगळं बसवून सांगायला माझी छाती होत नाही, म्हणून तुझ्या पत्राच्या आडोशाने सांगते. यातही लबाडी आहेच माझी. तेवढी चालवून घे.

मुंगी, लिही. त्या दिवशी तुझ्या ताटलीत

(आजीने चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता.)

त्या दिवशी तुझ्या ताटलीत ज्या पाच फळवाट्या होत्या, त्यांच्या तळाला मी वाटलेले बदाम घातले होते. धाकट्या आजीने काही केलं नव्हतं. तिचं लाटणं स्वच्छ होतं. तुझ्यासाठी केलेल्या साध्या वाट्या होत्या, पण त्यांची बुडं ओली होती, आणि लोक हसतील म्हणून

(हसतील म्हणून?)

हो. हसतील म्हणून. तेवढ्याचसाठी. लिही, थांबू नकोस.

(मी विचारलं, तुला माहीत होतं का की मला त्रास होईल? आजी म्हणाली, थोडा होईल एवढं माहीत होतं. मी विचारलं, मग हॉस्पिटलमध्ये माझ्या उशाशी बसून तू मला काय म्हणाली होतीस ते आठवतं का? आजी म्हणाली, आठवतं. ती म्हणाली होती, धाकट्या आजीला दोष देऊ नकोस, तिच्याकडून चुकून झालं.

धाकटी आजी, मला पुढचं लिहायचं नाही. पहिल्या पत्रात मी तुम्हाला माफ केलं असं लिहिलं होतं, ते खोडून टाका. ते वाचून तुम्हाला कसं वाटलं असेल? मला खूप लाज वाटते आहे. तुम्हीच मला माफ करा. पत्र मी टपालाच्या पेटीत टाकते, आजीकडे देत नाही. – मुंगी)

३० डिसेंबर

धाकटे,

हे अक्षर तुला ओळखीचं वाटेल. पूर्वी किराण्याच्या यादीवर बघितलं असशील. सूनबाई लिहिते आहे. मंडळी जमली त्या दिवसापासून आठवडाभर 'जेवण वाढलंय' आणि 'औषध घ्या' याखेरीज ती माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी वही घेऊन समोर बसली आणि म्हणाली, 'आई, सांगा. मी लिहिते. मुंगीला आता यात ओढायचं नाही.' मी सांगते तेवढंच लिहिते आहे. मान वर करत नाही.

तुझी खुर्ची मांडली होती. तू येणार नाहीस हे ठाऊक असूनही मांडली. कॅशियरसाहेब तिच्यावर बसायला गेले, तर मुंगी म्हणाली, 'काका-आजोबा, ती जागा राखलेली आहे.' ते स्टुलावर बसले.

या वर्षी फळवाट्या मायलेकींनी केल्या. मुंगीने मला स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बसवलं होतं; आईला मात्र तिने तोवर काही सांगितलं नव्हतं. आत लोणी वितळत होतं, ते मला वासावरून कळत होतं. पारी जाड लाटली जात होती, ती लाटण्याच्या आवाजावरून. जिभेवर दहा सूचना आल्या आणि दहाही गिळल्या. माझ्यासारखीला ही शिक्षा थोडी नव्हे.

मंडळी जमली, डबे टेबलावर आले. झाकणं उघडायच्या आधी मी उभी राहिले. कपाटाला धरलं. मी म्हटलं, खाण्याआधी ऐका. कुणीतरी म्हणालं, 'आजी आता गोष्ट सांगणार!' मुलं पुढे सरकून बसली. ते बघून बोलावंसं वाटेना. पण बोलले.

बदाम सांगितले. ओल्या बुडाच्या आठ वाट्या सांगितल्या, कोठी सांगितली. मग म्हटलं, धाकटीने लाटणं साबणाने दोनदा धुतलं होतं आणि गरम पाणी माझ्याच हातून घेतलं होतं. हे मला तेव्हा आठवत होतं, आजही आठवतं, आणि मी नाही म्हणाले.

कॅशियरसाहेब म्हणाले, 'अहो वहिनी, मी तर गंमत केली होती.' मी म्हटलं, 'भावजी, तुम्ही गंमतच केलीत. तुमच्या अंगावर मी काही ढकलत नाही. जे केलं ते मीच केलं.' नणंद रडायला लागली. एक पोरगं म्हणालं, मग आता वाट्या खायच्या की नाही? त्याच्या आईने त्याला चिमटा काढला.

सूनबाई गॅलरीत जाऊन उभी राहिली. आत आली ती सरळ माझ्याकडे. मला वाटलं, तुला बोलली होती तसं आता मला बोलणार. मीही मान खाली घालून तयार होते. बोलली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, 'मी पाणी दिलं तुम्हाला. पाठीवर हात फिरवला.' आणि माझ्या हातातली ताटली काढून घेऊन दुसऱ्याला दिली.

सूनबाई, लिहिलंस का हे? लिहिलंय म्हणते.

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. लोक तसं म्हणतात. तसं काही झालेलं नाही, धाकटे. आधी लाज मला एकटीला ठाऊक होती, आता ती घरभर बसून आहे. नणंदेच्या नातवंडांनी मला पूर्वीसारखं बिलगायचं सोडलं. कॅशियरसाहेब माझ्याशी फार जपून बोलतात, आजाऱ्याशी बोलतात तसं. चालायचंच. तू पाच वर्षं एकटीने सोसलंस ते आता माझ्या वाट्याला आलंय, आणि माझ्या बाबतीत तो ठपका खरा आहे.

तुझी क्षमा मागते. नीट, गंमत न करता मागते. दे म्हणत नाही. परत ये असंही आता म्हणणार नाही. ते सांगायचा हक्क मला राहिला नाही. तुला यावंसं वाटलं तर हे घर जितकं माझं तितकंच तुझं, आणि सध्या तर जरा जास्तच तुझं.

मागच्या पानावर सूनबाई तिचं स्वतःचं काही लिहिणार आहे तुला. काय ते मला वाचता येत नाही आणि मी विचारणारही नाही.

आता एकच काम आहे, ते तुलाच करावं लागेल. मुंगी माझ्याशी बोलते. शाळेतलं सांगते, केस विंचरून घेते, परवा माझी नखंही कापून दिली. पण माझ्या हातचं खात नाही. मुद्दाम नव्हे. काल मी सफरचंद चिरून दिलं, साधं सफरचंद. तिने फोड उचलली, तोंडापर्यंत नेली, आणि माझ्याकडे बघून परत ठेवली. 'आजी, भूक नाही गं,' म्हणाली. मग दहा मिनिटांनी तिला आईकडे पोळी मागताना ऐकलं मी. पोरीला माझं मन मोडायचं नव्हतं, म्हणून खोटं बोलली. ते तरी ती माझ्याकडून शिकायला नको होती.

तिची परीक्षा जवळ आली आहे, म्हणून सुट्टीतही शाळेत जादा तास आहेत. दुपारी शाळेतून येते तेव्हा सूनबाई कामावर असते आणि घरात मी एकटीच. तेवढे दोन-तीन तास पोरगी पाणी पिऊन काढते. काल तिला विचारलं, धाकट्या आजीने काही करून पाठवलं तर खाशील? विचार न करता 'हो' म्हणाली.

तेव्हा ओव्याची खारी बिस्किटं कर, तिला आवडतात तशी पातळ. घट्ट झाकणाच्या डब्यात भर, वरून दोरी बांध आणि टपालाने पाठव. डब्यावर नाव मुंगीचंच घाल. दोन आठवडे पुरतील एवढी. माझ्यासाठी वेगळी नकोत.

थोरली